दहापैकी सात

चौकातल्या केशकर्तनालयाचे मास्तर कुठल्याही सिनेमाला दहापैकी सातच्या वर गुण देत नसत. ‘तीन हातचे राखायचे,’ असं ते गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा धरून सांगत, आणि त्या अवस्थेत आजवर कुणी वाद घातला नव्हता. नवा सिनेमा लागला की संध्याकाळी आरशावर साबणाने गुण लिहिलेले असत. निम्मी गल्ली ते वाचूनच तिकीट काढी.

गल्लीला एकच गोष्ट ठाऊक नव्हती. दुकान दुपारी एक ते तीन बंद असे, त्याच वेळात मास्तर सिनेमाला जात; पण दुकान वेळेवर उघडण्याचा त्यांना भारी अभिमान. त्यामुळे मध्यंतर झालं की ते उठत. वीस वर्षांत त्यांनी एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता. शेवटाबद्दल मात्र छातीठोकपणे सांगत, ‘उगाच ताणलाय.’ हे सगळ्याच सिनेमांना लागू पडतं, हे त्यांना फार लवकर उमगलं होतं.

त्यांची मुलगी परगावी सिनेमावाल्यांचे कपडे शिवायची. यंदा पहिल्यांदाच मोठं काम मिळालं. ‘बाबा, अगदी शेवटी नावं येतात, त्यात माझंही असेल. तेवढं बघा हं.’

मास्तर इस्त्रीचा सदरा घालून तिच्या सिनेमाला गेले. मध्यंतरापर्यंत पडद्यावरची एकेक कॉलर निरखली. मग पाय सवयीने दाराकडे वळले. दाराशी ते जरा घुटमळले, पण दुकानापुढे गिऱ्हाईक ताटकळलं असेल. नाव काय, पळून थोडंच जातंय? आरशावर त्यांनी नऊ लिहिले. गल्लीत संध्याकाळपर्यंत दुसरा विषय नव्हता.

संध्याकाळी मुलीचा फोन आला.

‘पाहिलात, बाबा?’

‘पाहिला. नऊ दिलेत.’

‘शेवटपर्यंत बसलात?’

‘म्हणजे काय! तुझं नाव चांगलं ठसठशीत आलंय. शेजारच्यालासुद्धा दाखवलं मी.’



‘नाव गाळलंय माझं, बाबा. आत्ताच कळलं. तुम्ही बिचारे शोधत बसला असाल, म्हणून फोन केला.’

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘नऊ फार झाले,’ ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आरसा पुसलेला होता. ‘मास्तर, शेवट कसा आहे?’ खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने विचारलं.

मास्तरांनी वस्तरा खाली ठेवला. ‘मी अर्धाच पाहतो,’ ते म्हणाले.

त्या दुपारी तीन वाजले तरी दुकान उघडलं नाही. थिएटरात झाडूवाली खुर्च्यांखाली झाडत होती आणि मास्तर पडद्यावरून सरकणारं एकेक नाव वाचत बसले होते.