मऊ दगडाची अंगठी

अकोल्यात भर मे महिन्यात चालत्या कूलरची मोटर काढून घेणारा माणूस एक तर ठार वेडा असतो, नाहीतर माझा मामेसासरा असतो. जठारपेठेतल्या त्यांच्या घरातून मी आजवर एकदाही न हादरता बाहेर पडलेलो नाही. तरी पुढचं सगळं तक्रार म्हणून वाचू नये. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आईवडील भाजीपाला पिकवून विकणारे. माझ्या लग्नाच्या बोलणीत मुलीकडची मंडळी घुटमळू लागली, तेव्हा मुलीचे हेच मामा पुढे सरसावून म्हणाले होते, "पोरगं सोताच्या भरोशावर शिकलं. आता अजून काय पाह्यता, त्याचे दात?"

दात त्यांनी पुढे खरोखरच पाहिले. लग्नानंतर दिवाळीला आम्ही दोघं त्यांच्या पाया पडायला गेलो. समोर स्टीलचा डबा उघडा होता आणि त्यात मधाच्या रंगाची, छान तिरकी कापलेली शंकरपाळी होती. मी नव्या जावयाच्या संकोचाने एकच उचललं आणि चावलं. डोक्यात वीज चमकली. तोंडात दगड होता. बायको ओरडली, मामी पाणी आणायला धावल्या, आणि मामा खुर्चीतून उडी मारून माझ्याजवळ आले. मला वाटलं, जबडा बघतील. त्यांनी माझ्या हातातला दगड हिसकावला, खिडकीशी नेला आणि भिंग लावलं. "थांबा जवाईबापू, तुमचे दात ठीकच असन. गोट्याले काय झालं ते पाहू द्या. पाहा, वळ उठला! दातापेक्षा नरम हाय हा." मी गाल धरून बसलो. दगडापेक्षा आपले दात टणक निघाले याचा अभिमान बाळगावा की काय करावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

या दगडाची हकीकत अशी. मामांची उभी हयात पाण्याच्या टाकीवर पंप चालवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला निघतात. मामांनी माळ्यावरून एक पोतं उतरवलं. मामींचं माहेर हिवरखेडचं. त्यांच्या लग्नाच्या सुमारास शेतात विहीर खोदताना सुरुंगाने खडकातली एक पोकळी उघडी पडली आणि आत हा पिवळा, उजेड पिऊन बसलेला दगड सापडला. शास्त्र शिकलेले लोक त्याला कॅल्साइट म्हणतात. नवीन जावई म्हणून गेलेल्या मामांनी मानपानात तेवढाच मागून घेतला. सासऱ्यांनी म्हणे कपाळावर हात मारला, "लोकायचे जवाई घड्याळ मांगते, आमचा गोटे मांगून राहिला!" पुढे ती विहीर बुजली. म्हणजे पोत्यात होता तेवढाच दगड. त्याचा पालथ्या वाटीसारखा गुळगुळीत नगीना घोटायचा आणि मामींच्या बोटात घालायचा, एवढी एकच इच्छा मामांनी नोकरी संपेपर्यंत पोटात ठेवली होती.

पण दगड मऊ, आणि मऊ माणसांसारखाच भयंकर रुसका. जरा तापला की तडकतो आणि तडकला की शंकरपाळ्यासारखा तिरका फुटतो. (डब्याचा उलगडा मला तेव्हा झाला.) बाकीचे खडे गरम लाखेने काडीला चिकटवून घासतात, याला लाखेची ऊबसुद्धा सोसत नाही, म्हणून मामा थंड गोंद लावून तो वाळेपर्यंत काडीकडे बघत बसायचे. कूलरच्या मोटरवर घासायची चकती, वरून सलाईनच्या बाटलीतून थेंब थेंब पाणी. धुळीचा एक कण आला तर ओरखडा पडणार, म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं आणि आत आम्ही पाहुणे घामाने भिजलेले, हालचाल न करता बसलेलो. शेवटची झिलई मामा आपल्या कमरेच्या चामडी पट्ट्यावर करत. त्यामुळे त्या काळात त्यांची पँट सुतळीच्या आधाराने उभी असे. एकदा लग्नाची पत्रिका घेऊन आलेले एक गृहस्थ शिंकले. मामांनी त्यांना पत्रिकेसकट दाराबाहेर काढलं आणि दारातूनच विचारलं, "तारीख काय म्हनली?" मामी मला म्हणाल्या, "लोकायच्या घरचे मानसं दारू पेऊन तरास देते, आमच्या घरचं हे सुद्दीत रावून देते, बाप्पा."

पोतं रिकामं होत गेलं, शंकरपाळ्यांचा डबा भरत गेला. अखेर एकच तुकडा उरला. त्या दिवसांत बायको मामांना फोन करायलाही घाबरायची. मग एका दुपारी त्यांचाच फोन आमच्या घरी अमरावतीला आला. मामा रडत होते. मी घाईने विचारलं, "मामींना काही झालं का?" "तिले काय होते? नगीना झाला, नगीना!"

चांदीत बसवलेली ती अंगठी बघायला आम्ही गेलो, तेव्हा मी पुन्हा हादरलो, पण या वेळी सौंदर्याने. संध्याकाळच्या उन्हाचा एक थेंब कोणीतरी गोठवून ठेवावा, तशी ती दिसत होती. मामींनी बोट पुढे केलं आणि मामांची सूचनावली सुरू झाली. कणीक मळायची नाही, भांडी घासायची नाहीत, घाम लागू द्यायचा नाही, पदराला पुसायची नाही.

"मंग घालू कवा? झोपल्यावर?"

"नाई! चादर घासते."

मामींनी अंगठी काढली आणि देव्हाऱ्यात ठेवली. तिथे ती दसऱ्यापर्यंत राहिली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही तिथेच होतो. मामी देव आणि त्यांची तांब्यापितळेची भांडी उजळायला बसल्या होत्या आणि मामा बाजूला पेपर वाचत होते. एकाएकी मामींनी हात पुढे केला. त्यांच्या तळहातावर अंगठी होती आणि दगडावर बारीक बुडबुडे उठत होते. देवांबरोबर तिलाही त्यांनी लिंबू लावलं होतं. पाणी ओतेपर्यंत झिलई गेली होती. मोतीबिंदू पडलेल्या डोळ्यासारखा दगड पांढुरका झाला होता. "आवो, मले वाटलं, सनाले हे बी चमकली पायजे..." एवढंच त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. शिंकेसाठी पाहुणा हाकलणारा माणूस आता काय करील? बायकोने माझा दंड घट्ट धरला.

मामांनी अंगठी घेतली. एकदा दगडाकडे पाहिलं, एकदा पाटावर मांडलेल्या देवांकडे. मग खाली बसले, मामींच्या शेजारी, ओल्या फरशीवर. "देवायच्या रांगेत बसवलं वं तू माह्या गोट्याले," ते हळूच म्हणाले. "रडू नको. चूक माहीच हाय. आंगठी बोटात पायजे, अन् म्या ती झाकून ठेवाले लावली. आता रोज घाल. खराब झाली तं म्या हाय न घोटाले."

मी आजवर त्या घरात अनेकदा हादरलो, पण त्या वाक्याइतका कधीच नाही.

तेव्हापासून मामी अंगठी घालूनच सगळं करतात. कणीक, भांडी, अंगण. आठवड्याभरात दगड आंधळा होतो आणि रविवारी मामा तो पुन्हा घोटून उजळतात. दर वेळी थोडा झिजतो. पालथ्या वाटीची आता बशी होत आली आहे, खालची चांदी दिसू लागली आहे. परवा गेलो तेव्हा न राहवून मी विचारलं, "मामा, असा किती दिवस पुरणार हा?"

मामांनी घोटणं थांबवलं नाही. "पुरते तवरक पुरते. आमीबी तं पातळच व्हून राहिलो न, जवाईबापू."

"बोलत नका बसू," आतून मामींचा आवाज आला. "मले कनिक भिजवाची हाय. आना माही आंगठी."