सिंधूताईंच्या तळहातावरचं ऊन

वरवट बकालच्या सिंधूताई वानखडे मेक्सिकोला गेल्या, हे गावात आधी कुणाला खरंच वाटलं नाही. स्टँडवरच्या पानटपरीवर तर 'ते मुंबईच्या पलीकडं कुठंतरी असंन' असं ठरूनही गेलं होतं.

सिंधूताईंनी उमेदीची सारी वर्षं लोकांच्या वावरात कापूस वेचला आणि पुढं शाळेत पोरांची खिचडी शिजवली. त्या चुलीच्या धुरातच त्यांचा एकुलता एक प्रसेनजित शिकला, इंजिनिअर झाला आणि मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मेक्सिकोला लागला. एक दिवस त्याचा फोन आला, "माय, तुह्या पासपोर्टाचं पाहून राह्यलो. जुलैत येजो."

त्या गेल्या. तिथल्या बाया मक्याची भाकर करतात हे पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला. भाषा कळत नव्हती, पण भाकर कळत होती.

एका रविवारी प्रसेनजितनं त्यांना सोचिकाल्कोला नेलं. हे एका डोंगरावरचं जुनं, ओसाड नगर. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी डोंगराचा माथाच सपाट करून वर देवळं, चौक आणि पायऱ्या बांधलेल्या. एका चौथऱ्यावर भलेमोठे साप कोरलेले, आणि त्या सापांच्या अंगावर पिसं. सिंधूताई चौथऱ्याभोवती सावकाश फिरल्या.

"इथं देव कोणता रे?" त्यांनी विचारलं.

"देव लय होते, माय. पण ह्या लोकाईचं ध्यान आभाळाकडं होतं. सूर्य कधी डोक्यावर येते, कधी सरकते, सारं पाहून ठेवत होते. त्यासाठी त्याईनं खाली एक जागा केली. चाल, तेच दाखवतो."

खाली म्हणजे डोंगराच्या पोटात. गुहेचं तोंड दिसलं आणि सिंधूताईंचे पाय जागीच थांबले.

त्यांचे मालक भाऊराव विहिरी खोदायचे. प्रसेनजित अजून शाळेतही जात नव्हता, तेव्हा नांदुऱ्याकडच्या एका वावरात विहिरीची कड ढासळली आणि भाऊराव वर आलेच नाहीत. त्यानंतर सिंधूताईंनी कधी विहिरीत वाकून पाहिलं नाही. तळघरात, भुयारात, कुठंच त्या उतरल्या नाहीत.

"मी अठीच बसतो," त्या म्हणाल्या. वऱ्हाडातल्या जुन्या बाया बोलतात तशा त्या स्वतःविषयी कधीकधी 'बसतो' म्हणत. "तू पाहून ये."

प्रसेनजितनं आग्रह केला नाही. पण गुहा दाखवणारी लुपे नावाची पांढऱ्या केसांची बाई जवळ आली. तिनं सिंधूताईंच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि आपला हात पुढं केला. सिंधूताईंनी तो का धरला, हे त्यांना पुढंही कधी नीट सांगता आलं नाही. धरला खरा.

आत गारवा होता, ओल्या मातीचा वास होता. भिंतीला हात लावत, एकेक पायरी चाचपत त्या उतरल्या. एका मोकळ्या जागेत पोचल्यावर लुपेनं हातातला दिवा विझवला.

अंधार झालाच नाही. छताला एक भोक होतं, आणि तिथून पार डोंगरमाथ्यापर्यंत दगडांनी बांधून काढलेली उभी नळी. त्या नळीतून ऊन सरळ, गवंड्यानं ओळंबा सोडावा तसं खाली उतरलं होतं. जमिनीवर पडलेला त्याचा तुकडा इतका पांढरा की नजर ठरेना. सोबत उतरलेली बाकीची माणसं कडेनं उभी होती. उन्हात धुळीचे कण तेवढे वर-खाली होत होते.

लुपेनं सिंधूताईंचा तळहात अलगद त्या उन्हात धरला. हात आतून लाल पेटल्यासारखा झाला आणि बोटांची हाडं सावलीसारखी दिसू लागली. कापूस वेचून, सराटे टोचून निबर झालेला तो हात कंदिलाच्या काचेसारखा उजळला. सिंधूताईंनी मान वर केली. खूप उंचावर आभाळाचा एक लखलखीत ठिपका होता.

"असंच दिसलं असंन त्याईले," त्या पुटपुटल्या.

"कोणाले, माय?"

"तुह्या बाबाले. मले वाटे, खाली निस्ता अंधार असते. इतकी वर्सं मले तेच दिसे. उजेड येते रे तिथंही."

प्रसेनजितनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दोघं मायलेक तसेच उभे राहिले, आणि लुपेनं बाकीच्यांना जरा मागं थांबवलं.

सिंधूताईंना हात जोडावेसे वाटले. कुणाला, हा प्रश्न पडला. मग ज्यांनी हे केलं त्या नाव-गाव माहीत नसलेल्या माणसांना जोडले.

बाहेर आले तर सूर्य ऐन माथ्यावर. चौकात माणसं उभी होती, पण सावली कुणालाच नव्हती, साऱ्यांची पायाखाली गेलेली.

"हे आपल्याकडंही होते माय," प्रसेनजित म्हणाला. "मे सरत आला की एक दिवस. मंग जुलैत एकदा, पण तवा ढग असतात."

"आपल्या गावात?"

"हाव, वरवट बकालमंधी."

सिंधूताईंनी आपल्या पायांकडं पाहिलं. मे महिन्याच्या दुपारी वावरातून कडुनिंबाकडं पळणारं माणूस पायाशी पाहणार कधी!

त्या गावी परतल्यावर पुढच्या मे महिन्यात प्रसेनजितनं फोनवरून तो दिवस कळवला. सिंधूताईंनी अंगणात मुसळ उभं केलं आणि शेजारच्या पुष्पाबाईंना हाक मारली. पुष्पाबाई पदर डोक्यावर ओढत, कुरकुरत आल्या. "काऊन वो, उन्हात उभं करून जीव घेतं का माहा?"

"जराशीक थांब. पाह्य."

मुसळाची सावली आखडत गेली, बोटभर उरली, आणि मग बुडाशीच विरली. पुष्पाबाईंनी आधी मुसळाकडं, मग आपल्या पायांकडं पाहिलं. एकदा स्वतःभोवती फिरूनही पाहिलं.

"अवं माय! हे दरसाल होते?"

"दरसाल."

जमीन तापली होती, पाय भाजत होते. पण पुष्पाबाई सावलीला गेल्या नाहीत. सावली परतायच्या आत सुनेला दाखवावं म्हणून त्या तशाच अनवाणी घराकडं धावत सुटल्या.