चुका पोटात घालणारा हॉल

बिल्कुलकाकांनी कुणाला तोंडावर 'नाही' म्हटल्याचं निदान मी तरी कधी ऐकलं नाही. काहीही विचारा, "बिल्कुल!" म्हणत आणि अशी मान डोलावत, की विचारणाऱ्याला वाटावं आपणच त्यांच्यावर उपकार केले. मूळचे साताऱ्याचे, पण दिल्लीच्या सरकारी फायलींत तीस वर्षं गेलेली. तो शब्द तिथेच त्यांच्या जिभेवर बसला. आठवडाभर ते सेक्शन ऑफिसर असत आणि रविवारी आमच्या हौशी ऑर्केस्ट्राचे कंडक्टर.

ऑर्केस्ट्रात आम्ही चाळीसेक जण होतो. कारकून, शिक्षक, एक दातांचे डॉक्टर, हिंदूराव हॉस्पिटलमधली एक मल्याळी सिस्टर. मी बत्तिसाव्या वर्षी व्हायोलिन हातात धरलं होतं, आणि जेमतेम दोन वर्षांत काकांना विचारलं, "मी येऊ का तुमच्यात?" उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे. करोल बागेतलं घर, सासूबाई, मुलगी, ऑफिसातलं टायपिंग या सगळ्यातून रविवारचे ते तीन तास तेवढे माझे होते.

तालीम आणि कार्यक्रम, दोन्ही रिजच्या टेकडीजवळच्या एका जुन्या कॉलेजच्या हॉलमध्ये होत. लाल विटा, उंच छत, लांब दांड्यांचे कुरकुरणारे पंखे. काका आधी येऊन हॉलच्या चारही कोपऱ्यांत टाळ्या वाजवत आणि प्रत्येक टाळीचा घुमारा विरेपर्यंत कान देऊन उभे राहत. "हा हॉल चुका पोटात घालतो," ते म्हणत. खरंच होतं ते. तिथे सगळे सूर एकमेकांत असे मिसळत, की माझा एखादा बेसूर कुठे गेला ते मलाही कळत नसे.

आमच्यासारख्या कच्च्यांसाठी ते स्वतःच्या हातानं सोप्या ओळी लिहून आणत. अवघड जागा आली की मला सांगत, "चार सूर सोड, पण पाचव्याला आम्हाला येऊन गाठ." मी गाठायची. इतक्या मायेनं मला आयुष्यात दुसऱ्या कुणी काही शिकवलं नाही, हे आजही रागात असले तरी म्हणेन.

मग गुडगावला काचेच्या इमारती उठू लागल्या आणि एका कंपनीनं आपल्या नव्या सभागृहात आम्हाला बोलावलं. काका तो पाहून आले. फार विचारल्यावर म्हणाले, "एसी आहे, गालिचे आहेत. पण टाळी वाजवली की तिथेच मरते. एकेकाचा एकेक सूर वेगळा ऐकू येईल." आम्ही हसलो आणि जोरात तालमी सुरू केल्या. मी रोज ऑफिसला जाण्याआधी तासभर व्हायोलिन घासत होते. सासूबाईंनासुद्धा कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं होतं.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी काकांचा फोन आला. "अगं, कार्यक्रम पुढे गेलाय. रविवारी दहाला आपली नेहमीची तालीम. येतेस ना?"

रविवारी गेले. हॉल उघडा होता. एकेक करत अकरा जण जमलो, वाद्यं जुळवली, वाट पाहत बसलो. "बाकी सब किधर है?" सिस्टरनं चौकीदाराला विचारलं.

"सब तो गुडगाव गए, मॅडम. सात बजे यहीं से बस निकली. आपको बताया नहीं?"

मी सिस्टरकडे पाहिलं, तिनं डॉक्टरांकडे. आम्ही अकराही जण काकांच्या हातच्या सोप्या ओळी वाजवणारे होतो. वगळलेल्यांची यादी कुणी वाचून दाखवायची गरजच उरली नव्हती. माणसानं केसानं गळा कापला होता, आणि तोही इतक्या हळुवारपणे, की दोन दिवस मला पत्ता लागला नाही. घरी सासूबाईंनी विचारलं, "लवकर आलीस?" मी सरळ स्वयंपाकघरात गेले.

चार महिन्यांनी पुन्हा त्यांचा फोन आला. तोच मऊ आवाज. "आपल्या दोघा व्हायोलिनवाल्यांची बदली झाली गं, जागा रिकाम्या आहेत. कार्यक्रम आपल्या कॉलेजच्याच हॉलमध्ये आहे. येशील ना?"

"काका, त्या दिवशी खोटं का सांगितलंत?"

ते म्हणाले, "तुझ्या तोंडावर कसं सांगणार होतो? तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. पण ते माझ्या वाजवण्याबद्दल वाटलं असतं, काका. तुमच्याबद्दल नाही."

जावंसं फार वाटत होतं, खोटं कशाला बोलू? त्या हॉलमध्ये मी पुन्हा सामावले असते, माझ्या चुकांसकट.

"मी नाही येणार," मी म्हणाले. आपल्या माणसाला असं तोंडावर सांगणं किती जड जातं, ते मला तेव्हा कळलं. तरी मी सांगितलं.