स्टेअरिंग जड झालंय

वडगाव रासाईहून दौंडला माझ्या गॅरेजवर आबा यायचे तेव्हा आधी हॉर्न ऐकू यायचा, मग गाडी दिसायची. त्या दिवशी हॉर्न वाजला, पण गाडी काही दारातून आत वळेना. दोनदा मागे, दोनदा पुढे करून शेवटी त्यांनी ती तशीच रस्त्यात तिरकी सोडली आणि घाम पुसत उतरले.

"स्टेअरिंग लई जड झालंय," ते म्हणाले. "बघ जरा. मी च्या पिऊन येतो."

आबा म्हणजे माझे वडील. दौंडच्या शेडमध्ये वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. वाफेची इंजिनं बंद होईपर्यंत फावड्यानं भट्टीत कोळसा टाकला. त्यांचे दंड साठीनंतरही सदऱ्याच्या बाहीत मावत नसत, आणि त्याचा त्यांना गर्व होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका चेअरमनची जुनी गाडी घेतली. पांढरी, लांब बॉनेटची, आणि त्या काळात आमच्याकडे फारसं कुणी न पाहिलेलं पॉवर स्टेअरिंग असलेली. जी गाडी गावात शिरली की माणसं पारावरून उठून उभी राहायची, तिच्यात आता बौद्धवाड्यातला माणूस बसला होता. तोही मागे नाही, स्टेअरिंगवर. जयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा लावून, चालणाऱ्या बायकांच्या चालीनं ते ती पुढे न्यायचे. गावातले चिडवायचे, "आबा, हिला डबे कवा जोडताय?" आबा म्हणायचे, "तुम्ही बसायला तयार व्हा, उद्याच जोडतो."

आबा रस्त्यापलीकडे चहाला गेले. आई उतरून माझ्या स्टुलावर बसली. मी गाडी आत घेतली आणि कामाला लागलो.

स्टेअरिंग जड झालं म्हणून कुणी थेट पंप खोलायला घेतला की माझं डोकं फिरतं. आधी सोपं बघावं. चाकांतली हवा बघितली, बरोबर होती. तेलाच्या डबीचं झाकण काढलं. तेल पुरेसं होतं, फेस नव्हता, जळका वास नव्हता. पाइप कोरडे होते. पुढची चाकं जॅकवर उचलून हातानं फिरवली, कुठं अडकत नव्हती. मग इंजिन चालू करून स्टेअरिंग पूर्ण वळवलं आणि बॉनेटखालून चीं आवाज आला. स्टेअरिंग हलकं ठेवणाऱ्या पंपाला त्याचा वेगळा पट्टा असतो. तो ढिला पडून गुळगुळीत झाला होता, घसरत होता. आबांना हा आवाज ऐकू आला नसणार, इंजिनाच्या नोकरीत त्यांचे कान निम्मे गेले होते. पट्टा बदलायचा, ताण द्यायचा. दहा मिनिटांचं काम. खिळ्याला त्याच मापाचा नवा पट्टा टांगलेला होता.

मी तो काढायला हात वर केला आणि आई म्हणाली, "राहू दे. करू नगंस."

मला वाटलं तिला वेळ होत असेल. मी म्हणालो, "दहा मिनिटं लागतील गं."

"लागू देत न्हाई तर न लागू देत. दुरुस्तच करू नगंस." ती बसल्या जागी रडायला लागली. "काल भांडगावच्या फाट्यावर शाळंतली पोरगी सायकलीवर हुती. ह्यांना दिसलीच न्हाई. म्या स्टेरिंग वढलं म्हणून वाचली. वरीस झालं, डाव्या अंगाचं सगळं मीच सांगती. बैल आला, माणूस आला, दगुड हाय. माझ्याच्यानं आता हुत न्हाई."

आबांना काचबिंदू होता. डाव्या बाजूचं दिसणं जवळजवळ गेलं होतं, समोरचं मात्र स्वच्छ दिसायचं. त्यामुळे गाडी बंद करा म्हणणाऱ्या डॉक्टरला त्यांनी तिथंच पेपर वाचून दाखवला होता आणि वर त्याच्याच चष्म्याचा नंबर विचारला होता. मी दोनदा सांगून बघितलं, दोन्ही वेळा भांडण झालं. पुढच्या पोरीच्या वेळी आईचा हात पोचला नाही तर? मी ढिला पट्टा पुरताच काढला आणि चिंध्यांच्या डब्यात खाली दाबला.

आबा आले. मी हात पुसत होतो, पुसण्यासारखं काही राहिलं नव्हतं तरी.

"काय निघालं?"

"गाडीत काय न्हाई, आबा. समदं बघितलं. वय झालं आता. हात थकलं तुमचं."

डॉक्टरचं त्यांनी ऐकलं नव्हतं. माझं ऐकलं, कारण त्यांच्या मते मला गाडीतलं कळत होतं. त्यांनी दोन्ही तळवे समोर धरून बघितले, मुठी मिटल्या, उघडल्या. वाद घातला असता तर बरं झालं असतं. ते पहिल्यांदाच डाव्या सीटवर जाऊन बसले.

घरी सोडायला मी गाडी चालवली. आता तर पट्टाच नव्हता. गॅरेजच्या दारात स्टेअरिंग वळवताना माझ्या खांद्यांपासून मनगटापर्यंत कळ गेली आणि आबा माझ्या हातांकडे टक लावून बघत होते. मी चेहरा साधा ठेवला. आईशी केडगावच्या बाजाराचं काहीतरी बोलतही राहिलो.

"तुला हलकं जातंय," आबा म्हणाले.

"व्हय."

त्यानंतर गाडी घरच्या शेडमध्ये गेली. पहिला महिनाभर आबा पहाटे पाण्यानं भरलेले कॅन दोन्ही हातांत धरून अंगणात फेऱ्या मारत होते, हे आईनं मला फार नंतर सांगितलं. हात पुन्हा गाडीजोगे व्हावेत म्हणून. मग एकदा शेडमध्ये जाऊन त्यांनी स्टेअरिंग वळवून बघितलं. ते जडच होतं. दुसऱ्या दिवसापासून कॅन बंद झाले. पुढं पुढं ते सदऱ्याची बटणं आईकडून लावून घ्यायला लागले. जयंतीला पोरांनी झेंडा हातात दिला तर म्हणाले, "नगं, माझं हात गेल्यात." ज्या माणसाचं ओझं आयुष्यात कुणी उचललं नव्हतं, तो पाण्याचा तांब्या तोंडाशी धरायला सांगायचा. हाताला काहीही झालेलं नव्हतं. मी बघत होतो आणि गप्प बसत होतो. खरं सांगितलं तर आईवर येईल, असं मी स्वतःला समजावत असे. ते अर्धंच खरं होतं. मला त्यांच्या नजरेची भीती वाटत होती. आबांची गाडी बंद करून तू माणसं वाचवलीस, असं आमचा एक नातेवाईक म्हणाला तेव्हा मी त्याच्यावर असा ओरडलो की तो परत आमच्या घरी आला नाही.

तीन वर्षांनी आबांना पुण्याला दवाखान्यात ठेवलं. छातीत कफ भरला होता. शेवटच्या दुपारी त्यांनी माझं मनगट धरलं.

"धरल्यालं कळतंय का तुला?"

माझ्या मनगटावर त्यांची बोटं रुतली होती. कातडी पांढरी पडली होती. मला राहवलं नाही. "आबा, लई जोर हाय. तुमच्या हाताला कवाच काय झालं न्हवतं. गाडीच बिघडली हुती. पट्टा म्या काढला हुता. म्या खोटं बोललो."

ते माझ्याकडे बघून हसले, आणि हात सोडला.

"उगी मला बरं वाटावं म्हणून बोलतुयास," आबा म्हणाले.