सासूची सासू

सासूनं भिरकावलेली पितळी थेट माझ्या कपाळावर बसली. आमटी डोळ्यांत, रेशनच्या मिलो ज्वारीची भाकरी मोरीत. "उष्टं घालतीस व्हय गं थेरडे?" अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. मी तेव्हा तिशीचीसुद्धा नव्हते, आणि थेरडी म्हणून मार खात होते! राग यायचा, खोटं कशाला सांगू? तिचं मनगट पिरगाळावंसं वाटायचं.

म्हातारपणी तिचं डोकं फिरलं होतं. लेकाला ओळखायची, नातवंडांना जवळ घ्यायची. मला बघितलं की मात्र अंगात यायचं. केस उपटायची, चावायची. एकदा तर वरवंटाच उचलला माझ्यावर.

नवरा उचगावला कारखान्यात लेथवर होता. कोल्हापुरात घरी पोचायला त्याला दिवेलागण व्हायची. त्या दिवशी त्यानं माझं कपाळ बघितलं आणि सरळ गोठ्यातलं दावं घेऊन आला. "बास झालं. हिला आता खाटंला बांधायची."

म्हशीचं दावं, आईला! मी आडवी आले. "आत्यास्नी बांधलंसा तर मी या घरात ऱ्हाणार न्हाय, सांगून ठेवते!"

त्यानं मला ढकललं आणि तिचा हात ओढला. तशी ती माझ्याकडं बघून किंचाळली, "उपाशी ठेवलीस, उलथनं तापवून हात डागलास, आता बांधतीस व्हय गं सटवे?" तिनं बाही वर केली. कोपराजवळ जुना पांढरा डाग. जन्मभर तिनं आम्हाला सांगितलं होतं, तवा लागला म्हणून.

नवऱ्याचा हात थांबला. "आजीनं?" एवढंच म्हणाला तो.

कुणाच्या वाटचा मार मी खात होते, ते तेव्हा कळलं. तिची मेलेली सासूच दिसत होती तिला माझ्यात. मी तिच्यासमोर खाली बसले. म्हटलं, "चुकलं माझं, पोरी. परत हात उगारणार न्हाय."

तिनं खाडकन माझ्या मुस्काटात दिली. मग दुसरी. ओठ फुटला. नवरा धावला, त्याला मी हातानंच थांबवलं. ती धापा टाकत उभी होती. मग तिनं बुट्टीतली भाकरी घेतली, तुकडा मोडला आणि माझ्या रक्ताळलेल्या तोंडाशी धरला.

"खा म्हातारे. मी न्हाय तुझ्यागत उपाशी ठेवणार."