पासलीहून रेघीला आणले

मोटारीत मांडीवर खोगीर घेऊन बसलेल्या माणसाकडे लोक फार वेळ सरळ पाहू शकत नाहीत. पुण्याहून निघालेल्या सर्व्हिस मोटारीत कात्रजच्या चढावापर्यंत सगळे गप्प होते. घाट उतरलो तशी शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना राहवेना.

"खोगीर हितं, मग घोडं कुठं?"

"पासलीला आहे. आणायला चाललोय."

"हाय ना पर? न्हाईतर आमच्या गावात एकानं आधी घंटा घेतली, मग गाय बघत हिंडला."

मागच्या बाकावर हशा पिकला. घोडे आहे, असे मी सांगितले. शिवऱ्याला उतरताना त्यांनी खोगिरावर हात फिरवला आणि "कातडं चांगलं हाय" एवढे म्हणून गेले. ते खोगीर माझ्या थोरल्या भावाचे, दादांचे होते. तसे सांगितले असते तर त्यांनी पुढे आणखी काही विचारले असते, म्हणून सांगितले नाही.

दादा देवी टोचण्याच्या खात्यात होते. थंडी पडली की घोडीवर लशीची पेटी बांधून वेल्ह्याकडची गावे आणि वाड्या फिरायचे. गेल्या फाल्गुनात पासलीला त्यांना ताप भरला. गावकऱ्यांनी डोलीत घालून त्यांना खाली आणले. डोलीबरोबर खोगीर आले, घोडी तिकडेच राहिली. घरी पोचल्यावर आठवड्याच्या आत दादा गेले. खोगीर मी माझ्याबरोबर पुण्याला नेले होते. पुढे पाऊस लागला आणि ओढ्यांनी वाट बंद केली. दिवाळीच्या सुट्टीत मी निघालो तेव्हा घोडी आणायचीच, एवढे एकच मनाशी पक्के होते. मी शाळामास्तर. घोड्यावर जन्मात बसलो नव्हतो.

आधी कामथडीला उतरलो. दादांचे बिऱ्हाड तिथे होते आणि वहिनी अजून तिथेच राहत होत्या. त्यांनी खोगीर पाहिले आणि आत जाऊन पाणी आणून दिले. जेवताना मात्र म्हणाल्या, "भाऊजी, आणायची तर आणा. पण माझ्या दारात ती नको."

कारण मला ठाऊक होते. घोडी आसूढाळ होती. (डोळ्याच्या खाली केसांचा भोवरा असलेल्या घोड्याला आसूढाळ म्हणतात, त्याच्या मालकाच्या घरात आसवे गळतात अशी समजूत आहे.) घोडी घेतली तेव्हा वहिनी नको म्हणाल्या होत्या. दादांनी हसून सांगितले होते, "मी गावोगाव पोरं रडवत हिंडणारा माणूस, मला अशीच घोडी शोभते."

"मी पुण्याला नेईन तिला," मी म्हणालो.

"दोन खोल्यांत? कुठे बांधणार, पुस्तकांच्या कपाटाला?"

"नेईन," एवढेच पुन्हा म्हणालो.

नसरापुराहून वेल्ह्याला जाणारी एक बैलगाडी मिळाली. मिठाच्या पोत्यांवर खोगीर आणि खोगिरावर मी. गुंजवणीच्या खोऱ्यात भात पिवळे होऊन आडवे पडले होते आणि बायका ओळीने वाकून कापत होत्या. कापलेल्या भाताचा ओलसर, गोडसर वास वाटभर बरोबर होता. डाव्या हाताला राजगड बराच वेळ सोबत चालला, मग तोरण्याने त्याची जागा घेतली. वेल्ह्याला एका दुकानाच्या पडवीत मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर खोगीर घेऊन पायी पासलीची वाट धरली. डोक्यावर घेतलेले खोगीर दर वळणाला कानावर घसरते, हे मला त्या दिवशी कळले.

पासलीत रामजी नावाच्या शेतकऱ्याकडे घोडी होती. खळ्यात भाताच्या पेंढ्या रचलेल्या, पलीकडे आंब्याखाली ती उभी. समंद रंग (मातकट पिवळा), आणि आयाळीपासून शेपटीपर्यंत पाठीवरून ओढलेली एक काळी रेघ. म्हणून दादांनी तिचे नाव रेघी ठेवले होते. मी तिला पूर्वी पाहिले होते तेव्हा ती चमकत होती. आता बरगड्या मोजता आल्या असत्या. खूर वाढून पुढे वाकले होते, कानामागे गोचिडांचा पुंजका होता. डाव्या डोळ्याखाली तो भोवरा. खरोखरच एखादा थेंब ओघळून तिथेच वाळावा तसा दिसत होता.

"म्या काय उपाशी ठिवली न्हाई बरं का," रामजी लगेच म्हणाले. "पर हितं पेंढ्याबिगर काय न्हाई. हरभरा कुठनं आणू? आन् चार महिनं पाऊस. घोड्याचं जनावर चिखलाचं न्हाई."

त्यांच्या कारभारणीने नाचणीची भाकरी आणि कुळथाचे पिठले वाढले. तिने मात्र आडपडदा ठेवला नाही. "घिऊन जावा तिला मास्तर, मळणीच्या आधी. आमचा बैल पावसात पाय मोडून गेला. तुमचं दादा लई चांगलं मानूस. घोडी न्हाई चांगली."

"बैल चिखलात घसरला," रामजी हळूच म्हणाले.

"आन् चिखल कुनी केला?"

"पावसानं."

"बसा तुमी."

रामजी माझ्याकडे वळले. "मला विचारू नका मास्तर काय खरं काय खोटं. मला घरात ऱ्हायचं हाय."

जेवण झाल्यावर मी खोगीर चढवले. दादांना करताना पाहिले होते तसाच तंग (पोटाखालचा पट्टा) ओढून बांधला, रिकिबीत पाय ठेवला आणि वर बसलो. खळे ओलांडेपर्यंत सारे ठीक होते. मग खोगीर सावकाश, अगदी मर्यादशीरपणे, एका बाजूला कलले आणि त्याच्याबरोबर मीही. कापलेल्या भाताच्या बुडख्यांवर मी पाठीवर पडलो. रेघी थांबून मागे बघत राहिली.

रामजी धावत आले. "मास्तर, घोडी हुभी हाय आन् तुमीच बसला व्हय?"

मी उठून कपडे झटकले. तंग पुन्हा बांधला, पुन्हा तेच झाले. आता शेजारची माणसेही कामे सोडून आली होती. कुणी म्हणाले घोडीलाच नको आहे, कुणी म्हणाले आजचा दिवस बरा नाही. मी तिसऱ्यांदा तंग आवळला, पण वर बसलो नाही. तिच्या पोटाकडे बघत नुसता उभा राहिलो. थोड्या वेळाने तिने मोठा सुस्कारा सोडला आणि पट्टा एकदम चार बोटे सैल झाला. बांधताना ती पोट फुगवून धरत होती. सुस्काऱ्यानंतर मी पट्टा पुन्हा आवळला. तिने कान मागे पाडले, पण त्यानंतर मी पडलो नाही. वर्गातल्या मुलांकडून असली लबाडी मी रोज पाहतो. चौपायाकडून पहिल्यांदाच पाहिली.

निघालो, पण वाट माझ्या हातात नव्हती. पहिल्या वाडीशी रेघी आपण होऊन वळली आणि एका घरापुढे जाऊन उभी राहिली. टाचा मारल्या, चुचकारले, लगाम ओढला, दगडासारखी उभी. एवढ्यात आतून पोराची किंकाळी आली, "देवीवाला आला गं!" आणि मागच्या दाराने तीनचार पोरे उसाच्या फडात पळावीत तशी भातात पळाली. थोडी वाट पाहून रेघी आपणच चालू लागली. दोन घरे सोडून पुन्हा थांबली. तिथेही रडारड.

मग ध्यानात आले. ज्या ज्या घरी लहान मूल होते तिथे दादा थांबत, आणि त्यांना पोर टोचायला लागणारा वेळ ही घोडी अजून मोजून देत होती.

मी लगाम सैल सोडला. ती थांबेल तिथे थांबायचे ठरवले. त्यामुळे वेल्ह्याला पोचायला दिवस मावळला, पण त्या वाटेवर माझ्या भावाबद्दल मी जेवढे ऐकले तेवढे घरात कधी ऐकले नव्हते. एका म्हातारीने सांगितले की पोर रडू लागले की दादा आधी स्वतःच्या दंडावर सुई टेकवून "आई गं" म्हणून ओरडायचे. एका घरी त्यांची छत्री राहिली होती. ती मला परत मिळाली. आणि एका दारात एक तरुण बाई तान्हे मूल काखेत घेऊन वाटच पाहत असल्यासारखी उभी होती. बाळाचा दंड तिने उघडाच ठेवला होता.

"टोचा," ती म्हणाली.

मी तो नव्हे, त्यांचा भाऊ, असे सांगितले. दादा गेल्याचेही सांगितले. तिने दंडावर कुंची ओढून घेतली.

"घोडी बघून वाटलं आलं," ती म्हणाली. मग रेघीच्या नाकाडावर हात ठेवून उभी राहिली. डोळ्याखालचा भोवरा तिला दिसत असणारच. तरी तिने हात काढला नाही.

सकाळी वेल्ह्याला नालबंदाकडून खूर तासून नाल ठोकून घेतले. तिथे जनावरांचा एक दलाल बसला होता. त्याने रेघीचे दात पाहिले, पाय उचलून पाहिले आणि शेवटी तोंड पाहून हसला.

"आसूढाळ. फुकट दिली तरी घाटावर कोन बांधनार न्हाई मास्तर. मला द्या. कोकणात उतरवतो."

"तिथे लोक भोवरा पाहत नाहीत?"

"तिथं ओझं बघत्यात. तोंड कोन बघतंय?"

"आणि ओझं वाहवेनासं झालं की?"

तो माझ्याकडे असा पाहू लागला, जणू मी लहान मूल आहे. "मग काय, मास्तर? घोडीच हाय ती."

"नाही द्यायची."

"ठिवणार कुठं?"

दोन दिवसांत दुसऱ्यांदा हा प्रश्न आला होता, आणि उत्तर अजून नव्हते. तरी नाही म्हणणे मला सोपे गेले. उत्तर नाही म्हणून जनावर द्यायचे नसते.

परतीची वाट आम्ही दोघांनी एकमेकांना समजून घेत काढली. तिच्या पाठीला खोगीर लागू नये म्हणून चढ मी पायी चढलो. ओढ्यात उतरताना ती मान खाली घालून दगड हुंगत पाऊल टाकते, तेव्हा लगाम हातात धरू नये; तिचे तिला कळते. तोबऱ्यात (तोंडाला बांधायच्या पिशवीत) भिजवलेला हरभरा घातला तर आधी फुंकर मारून टरफले उडवते आणि ती समोरच्याच्या डोळ्यांत जातात. खरारा केला की अंगातून धुळीचे लोट निघतात आणि आपण तिच्याहून मळकट होतो. पण थंडीत सकाळी तिच्या मानेवर, आयाळीखाली, हात ठेवला तर चुलीजवळ बसल्यासारखे वाटते. फाल्गुनापासून माझे हात इतके गरम झाले नव्हते.

नसरापूर गाठले तेव्हा ऊन कलले होते. घोडी तिथेच कुणाच्या गोठ्यात ठेवायची, वहिनींना भेटून यायचे आणि उद्या पायीच पुण्याची वाट धरायची, असे मी ठरवले होते. रेघीने तसे ठरवले नव्हते. रस्त्याला लागताच तिची चाल बदलली. दोन दिवस न दाखवलेली दुडकी चाल तिने धरली. लगाम ओढून माझे हात दुखले. कामथडीच्या बोळात वळून ती थेट वहिनींच्या दारात उभी राहिली आणि पुढच्या खुराने उंबऱ्यासमोरच्या फरशीवर तीनदा वाजवले.

आतून भांडे पडल्याचा आवाज आला. वहिनी पिठाच्या हातांनी धावत दारात आल्या. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते मी पाहायला नको होते. मग त्यांना मी दिसलो.

"तीच वळली," मी म्हणालो. "लगेच नेतो."

त्या घोडीकडे पाहत होत्या. "हिला खायला काय घातलं तिथे?"

"पेंढा."

"पेंढ्यावर घोडं जगतं का?" त्या पायऱ्या उतरून खाली आल्या. रेघीने त्यांच्या हातावरचे पीठ चाटायला सुरुवात केली. त्यांनी एक हात तसाच ठेवला, दुसऱ्या हाताने पदराचे टोक घेऊन तिच्या डोळ्याखालची, भोवऱ्यात साचलेली धूळ पुसली. भोवरा तसाच राहिला, अधिक स्पष्ट दिसू लागला.

"मालकाला रडवते म्हणतात," त्या म्हणाल्या.

"म्हणतात."

"मग माझ्याकडे आता तिला न्यायला राहिलंय काय? बांधा तिला."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? तिच्या खुंट्याला."

मी अंगणाच्या कडेला पाहिले. खुंटा जागेवर होता. अंगण त्या दिवशीच सारवलेले होते आणि सारवणाचे हात खुंट्याला वळसा घालून गेले होते. इतके महिने कुणी तो उपटला नव्हता.

मी दुसऱ्या दिवशी पुण्याला परतलो, मोकळ्या हातांनी. जनावर पाळायचे म्हणजे त्याला जागा द्यायची असते, असे मी समजत होतो. आता वाटते, तेवढ्याने भागत नाही. रोज कुणीतरी त्याच्यासाठी उठावे लागते. वहिनी सकाळी उठतात. मी शनिवारी जातो, खरारा करतो, खूर पाहतो आणि रविवारी तिच्यावर बसून नसरापूरपर्यंत जाऊन येतो. लहान मुलांच्या घरांपुढे ती अजून थांबते. मीही थांबतो.

गेल्या शनिवारी मोटारीत माझ्या मांडीवर हरभऱ्याची पिशवी होती. शेजारच्या माणसाने ती चाचपून पाहिली.

"घोडं हाय व्हय?"

"आहे," मी म्हणालो. "कामथडीला. आमच्या वहिनींच्या दारात."