धूसरराव

ऑफिसात त्याला धूसरराव म्हणत. हे नाव स्वकष्टार्जित होतं.

उपग्रहाकडून येणाऱ्या चित्रांवर धूर हुडकायचा, हे त्याचं काम. कापणी उरकली की दर वर्षी नदीपलीकडच्या शेतांत धसकटं पेटवली जात. पडद्यावर तांबडे ठिपके उमटत. त्यांतून निळसर राखाडी पट्टा निघे आणि वाऱ्याबरोबर गावांवरून सरके. धुकं पांढरं असतं, खोलगट जागी बसून राहतं, ऊन चढलं की जागच्या जागी विरतं. धूर चालतो. धूसररावाला हा फरक झोपेतसुद्धा कळला असता. अडचण कळण्याची नव्हती, लिहिण्याची होती.

कारण रोजचं हवेचं पत्रक तोच लिही. एकदा त्याने 'धूर' लिहिलं, तर साहेबांनी बोलावून घेतलं.

"धूर म्हटलं की लोक विचारतात, लावला कुणी? उत्तर द्यायला तुम्ही जाणार का?"

तो कुठला जातोय! त्याने जागेवर येऊन शब्द शोधला. 'हवा धूसर राहील.' धुकंही नाही, धूरही नाही. साहेब खूश झाले. या एका शब्दावर त्याने बढती मिळवली, फिरती खुर्ची मिळवली. वर पाहुण्यारावळ्यांत सांगे, "खोटं अक्षर मी लिहीत नाही."

त्याची ताई नदीअलीकडच्या गावात राहायची, नेमकी पट्ट्याच्या वाटेवर. तिला दमा होता. रोज सकाळी ती फोनवर त्याचं पत्रक वाचायची आणि जिन्यात उभी राहून शेजारणींना ऐकवायची. माझ्या भावाने लिहिलंय, म्हणून.

त्या सकाळी पट्टा जाड होता. एका चित्रात तो नदीवर होता, पुढच्या चित्रात ताईच्या गावाच्या वेशीशी. धूसररावाने पत्रक उघडलं, 'हवा धूसर राहील' असं लिहून पाठवलं, आणि जिन्याच्या कोपऱ्यात जाऊन ताईला फोन लावला.

"ताई, खिडक्या लावून घे. बाहेर पडू नकोस."

"का रे? नुसतं धूसर तर आहे."

"धूर आहे. दाट आहे."

"मग लिहिलं का नाहीस?"

"ते वेगळं असतं गं."

"अरे, खालची सूनबाई तान्ह्याला घेऊन अंगणात बसलीये. तिला काय सांगू?"

"तिला... धूसर सांग."

"मेल्या," ताई म्हणाली. फोन बंद.

ती खाली उतरली आणि तिने सगळ्या इमारतीला सांगितलं, माझा भाऊ म्हणतोय, धूर आहे. बातमी शाळेत पोचली. मुख्याध्यापकांनी मुलांना घरी सोडलं आणि साहेबांना फोन केला.

साहेबांनी धूसररावाला आत घेतलं. "बहिणीला धूर म्हणालात?"

धूसररावाने कानांवर हात ठेवले. स्वतःच्या नव्हे, बहिणीच्या.

"नाही साहेब, धूसर म्हणालो. तिला कमी ऐकू येतं."

साहेब हसले. लगेच खुलासा गेला, तोही त्याच्याच हातचा: 'ऐकण्यातील चुकीमुळे गैरसमज.' दुपारी शाळा परत भरली. मुलं मैदानात धावली. पडद्यावर पट्टा बरोबर त्यांच्या डोक्यावर होता. धूसररावाने चहा मागवला.

वारा पडला, संध्याकाळपर्यंत पट्टा हलला नाही. शेवटी त्याने टेबलावरूनच फोन लावला. पलीकडे आधी नुसताच खोकला. बराच वेळ.

"ताई, बरी आहेस ना?"

"कोण?"

"अगं, मी. खिडक्या उघडू नकोस, अजून आहे."

"काय आहे? मोठ्याने बोल बाबा. मला कमी ऐकू येतं."

तिला खुलासा कळला होता. त्याने मान वर केली. साहेबांचं दार उघडं होतं.

"ताई, ऐक ना..."

"काय आहे हवेत? ओरडून सांग."

ती वाट पाहत होती. छातीतली घरघर त्याला स्पष्ट ऐकू येत होती. त्याने तोंडावर हात धरला.

"धूसर," तो पुटपुटला.

हे मात्र तिला नीट ऐकू आलं. तिने फोन ठेवला.